शब्दांचे हमाल : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

इंग्रजी शिकू लागलेल्या आमच्या विद्यार्थिमित्रांच्या त्या भाषेविषयीच्या तक्रारी आम्हांस चांगल्या ठाऊक आहेत. आपल्या बाळबोध लिपीत 'क' लिहिला की तो 'क' असाच वाचावयाचा. त्यात वाचकाची फसवणूक नाही. इंग्रजीतील 'सी' हे अक्षर मात्र 'कॅट'मध्ये 'क' होऊन बसते आणि 'सिटी'त शिरले की 'स' होते. सुरीस 'नाइफ' म्हणावयाचे. पण लिहिताना आरंभी 'के' बसवावयाचा आणि वाचताना तो निमूटपणे गिळावयाचा. 'क्यू' तर इतके भित्रे अक्षर की 'यू'चा हात धरल्यावाचून ते उंबरठा ओलांडीत नाही. ह्या अक्षरांना आणि ह्या शब्दांना कोणी कधी जाब विचारला की नाही, असा प्रश्न परीक्षेच्या आदल्या रात्री पुष्कळांच्या मनात येत असेल.

असा जाब विचारणारा एक पुरुष सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडन शहरात होऊन गेला. एका डोळ्याने जवळजवळ अधू, खिशाने रिकामा आणि प्रकृतीने पिडलेला हा मनुष्य एका घराच्या माळ्यावर बसून इंग्रजी भाषेच्या एकेका शब्दाची झडती घेत राहिला. त्यातून जो शब्दकोश निर्माण झाला त्याने शब्दांना शिस्त लावलीच. पण शब्दांनीही आपल्या धन्याला बरेच काही शिकविले. त्या डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

जॉन्सन ह्यांचा जन्म इंग्लंडातील स्टॅफर्डशर परगण्यात लिचफील्ड ह्या गावी 18 सप्टेंबर 1709 रोजी झाला. वडील मायकेल हे पुस्तकविक्रेते होते. दुकानात पुस्तके पुष्कळ, पण पैसा बेताचा. मूल जन्मतःच अशक्त होते आणि थोड्याच दिवसांत त्याला गंडमाळेचा विकार जडला. राजाच्या हस्तस्पर्शाने हा रोग बरा होतो अशी तेव्हा इंग्लंडात समजूत होती. म्हणून 1712 साली आईने त्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन लंडन गाठले आणि अ‍ॅन राणीने त्याच्यावरून हात फिरविला. त्या प्रसंगी मिळालेले लहानसे सुवर्णपदक जॉन्सन ह्यांनी जन्मभर गळ्यात बाळगले. रोगाने मात्र राणीची भीड धरली नाही. मानेवर व्रण राहिले, एक डोळा जवळजवळ निकामी झाला आणि एका कानाने ऐकू येईनासे झाले.

परंतु उरलेल्या एका डोळ्याने त्या मुलाने जे वाचन केले ते दोन धडधाकट डोळ्यांच्या शंभर मुलांना जमले नसते. एकदा धाकट्या भावाने दुकानातील वरच्या फळीवर एका जाडजूड ग्रंथाआड सफरचंदे लपविली असावीत असा त्याला संशय आला. तो वर चढला. सफरचंदे मिळाली नाहीत, पण तो ग्रंथ पेट्रार्क ह्या इटालियन कवीचा निघाला. सफरचंदांचा विसर पडला आणि स्वारी तेथेच वाचीत बसली. चोरी पकडावयास जावे आणि विद्या हाती लागावी, असा योग क्वचितच येतो.

1728 च्या ऑक्टोबरमध्ये जॉन्सन ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक झाले, पण बुटांतून पायाची बोटे बाहेर डोकावू लागली. कोणा सहृदय मनुष्याने एके रात्री त्यांच्या दाराशी नवे बूट आणून ठेवले. सकाळी ते दृष्टीस पडताच जॉन्सन ह्यांनी रागाने फेकून दिले. दारिद्र्य पत्करू, पण भीक घेणार नाही, असा हा बाणा होता. पण बाण्याने फी भरता येत नाही. तेरा महिन्यांनी, 1729 च्या डिसेंबरात, पदवी न घेताच ते घरी परतले. दोन वर्षांनी वडील वारले.

पुढची काही वर्षे हलाखीची गेली. त्यांना शिक्षक व्हावयाचे होते. पण त्यांच्या शरीराला आपोआप आचके बसत, चेहरा वेडावाकडा होई, मधूनच तोंडातून चमत्कारिक आवाज निघत. मज्जासंस्थेचा हा विकार होता, असे आजच्या वैद्यांचे मत आहे. त्या काळी मात्र अशा माणसाच्या हाती मुले कशी सोपवावीत, असे संस्थाचालकांस वाटे. 1735 साली त्यांनी आपल्याहून सुमारे वीस वर्षांनी वडील असलेल्या एलिझाबेथ पोर्टर ह्या विधवा बाईंशी विवाह केला. बाईंजवळच्या पैशातून त्यांनी लिचफील्डजवळ एडियल येथे स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले आणि शाळा बुडाली. त्या विद्यार्थ्यांतच डेव्हिड गॅरिक होता. मास्तरांच्या हावभावांची नक्कल करून तो सोबत्यांना हसवीत असे. पुढे हाच गॅरिक इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नट म्हणून गाजला. तेव्हा त्याच्या कलेची पहिली तालीम आमच्या चरित्रनायकांवरच झाली म्हणावयाची!

1737 च्या मार्च महिन्यात गुरू आणि शिष्य बरोबरच लंडनला निघाले. तेथे जॉन्सन ह्यांनी एडवर्ड केव्ह ह्यांच्या 'जंटलमन्स मॅगझीन' ह्या मासिकात मिळेल ते लिहिण्याची नोकरी धरली. भाषांतरे, चरित्रे, पार्लमेंटमधील भाषणांचे वृत्तांत, कविता, सर्व काही त्यांनी लिहिले. रिचर्ड सॅव्हेज ह्या कवीशी त्यांची मैत्री होती आणि रात्री बिऱ्हाडास पैसे नसले म्हणजे दोघे मित्र लंडनच्या रस्त्यांतून बोलत बोलत हिंडत असत. अशा भाडोत्री लेखकांची वस्ती लंडनच्या ग्रब स्ट्रीट नावाच्या गल्लीत होती. पुढे आपल्या कोशात जॉन्सन ह्यांनी ह्या गल्लीलाही जागा दिली, आणि किरकोळ इतिहास, कोश व चार दिवसांच्या कविता लिहिणाऱ्यांची वस्ती तेथे आहे, असा तिचा अर्थ नोंदविला. त्या यादीत कोश लिहिणारेही आहेत हे आमच्या वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

आता आपण त्या कोशाकडे वळू. 1746 च्या जून महिन्यात लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन जॉन्सन ह्यांच्याशी करार केला. मोबदला 1,500 गिनी, म्हणजे 1,575 पौंड ठरला. पण कागद आणि लेखनिकांचे पगार त्यातूनच भागवावयाचे होते. मुदत तीन वर्षांची. फ्रान्सच्या अकादमीच्या चाळीस पंडितांना असाच कोश करावयास चाळीस वर्षे लागली, अशी आठवण एका विद्वान स्नेह्याने त्यांस करून दिली. जॉन्सन ह्यांनी लगेच त्रैराशिक मांडले. चाळीस गुणिले चाळीस म्हणजे सोळाशे. तेव्हा तीनास सोळाशे हेच इंग्रज माणसाचे फ्रेंच माणसाशी प्रमाण होय! आमच्या गणिताच्या शिक्षकांस ह्या उत्तरात काही खोट काढता येणार नाही. काळाने मात्र ती काढली. तीन वर्षांची सुमारे नऊ वर्षे झाली.

लंडनमधील गफ स्क्वेअर ह्या चौकात 17 क्रमांकाचे घर त्यांनी भाड्याने घेतले. त्याच्या माळ्यावर कचेरी थाटली. हाताशी सहा लेखनिक होते. जॉन्सन एकेक ग्रंथ घेऊन वाचीत. उपयोगी शब्द दिसला की वाक्यावर खूण करीत आणि त्या शब्दाचे पहिले अक्षर समासात लिहीत. मग लेखनिक ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेत आणि चिठ्ठ्या अक्षरक्रमाने लावीत. मित्रांकडून उसनी आणलेली पुस्तके ह्या रीतीने अशी खराब होत की परत मिळाल्यावर मित्रांना आनंदापेक्षा दुःखच अधिक होई. ही पद्धत पहिल्या प्रयत्नात साधली नव्हती. आरंभी वह्यांत शब्दांना अगोदरच जागा नेमून दिल्या होत्या. पण शब्द वाढत गेले, जागा अपुऱ्या पडल्या आणि बरेच काम मोडून नव्याने करावे लागले.

अर्थ आधी मनाने ठरवावयाचा आणि मग शब्दावर लादावयाचा, हा मार्ग जॉन्सन ह्यांनी टाकला. चांगल्या लेखकांनी तो शब्द प्रत्यक्ष कसा वापरला हे पाहावयाचे आणि त्यावरून अर्थांच्या छटा वेगळ्या काढावयाच्या, हा त्यांचा परिपाठ. 'टेक' म्हणजे घेणे, एवढे आपण पहिल्याच वर्षी पाठ करून मोकळे होतो. जॉन्सन ह्यांनी ह्या एका शब्दाचे 134 अर्थ दिले. 'टेक' शब्दाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्यातून धीर येईल की अधिक भीती वाटेल, हे आम्हांस सांगता येत नाही.

अक्षरांची गंमत ह्याहून मोठी आहे. प्रत्येक अक्षराच्या आरंभी त्या अक्षराविषयी चार शब्द लिहिण्याची त्यांची रीत होती. 'सी' हे अक्षर इंग्रजी शब्दाच्या शेवटी येता कामा नये असा नियम त्यांनी सांगितला. म्हणूनच 'म्यूझिक' आणि 'पब्लिक' हे शब्द त्यांच्या कोशात शेवटी 'के' लावून उभे आहेत. पुढे लोकांनी तो 'के' गाळला आणि नियम कोशातच राहिला. 'क्यू'विषयी त्यांनी लिहिले की त्याचे नाव शेपटी ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले, कारण त्याचा आकार म्हणजे शेपटी फुटलेला 'ओ'. 'झेड'ने आरंभ होणारा एकही शब्द मूळचा इंग्रजी नाही असा त्यांचा निर्णय होता. 'आय' आणि 'जे' ही अक्षरे त्यांनी एकाच क्रमात मिसळली होती. 'यू' आणि 'व्ही' ह्यांचेही तसेच. त्यामुळे आजच्या सवयीने तो कोश चाळणारा वाचक चांगलाच चकतो.

'एक्स'ची स्थिती सर्वांत करुण. ह्या अक्षराने इंग्रजीत एकही शब्द सुरू होत नाही, एवढे सांगून जॉन्सन ह्यांनी त्याची बोळवण केली. आपल्याकडेही असे दुर्दैवी वर्ण आहेतच. 'ळ' ह्या वर्णावाचून 'बाळ' होत नाही, 'फळ' मिळत नाही आणि 'शाळा' भरत नाही. पण मराठी शब्दाच्या आरंभी बसण्याचा मान त्याला नाही. 'ङ' आणि 'ञ' ह्यांची तीच गत. तेव्हा इंग्रजी वर्णमालेस हसताना आपल्या घरातील ही मंडळी विसरू नयेत.

'एच'ने मात्र जॉन्सन ह्यांची फजिती केली. शब्दाच्या पहिल्या अवयवाखेरीज दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या आरंभी 'एच' क्वचितच, बहुधा कधीच, येत नाही, असे कोशास जोडलेल्या व्याकरणात त्यांनी लिहून टाकले. जॉन विल्क्स नावाच्या थट्टेखोर राजकारणी गृहस्थाने लगेच 'एच' मध्यभागी असलेल्या शब्दांची माळ गुंफून ती वर्तमानपत्रात छापली. जॉन्सन ह्यांनी पुढील आवृत्तीत आपल्या विधानास पुरवणी जोडली की जोडशब्दांत 'एच' मध्ये येतो, आणि उदाहरण दिले 'ब्लॉकहेड', म्हणजे मठ्ठ डोक्याचा! दुरुस्तीही झाली आणि परतफेडही झाली.

शब्दांचे अर्थ देतानाही हा मिस्किलपणा मधून मधून डोकावतो. 'ओट्स' म्हणजे इंग्लंडात घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडात ज्यावर माणसे पोसतात असे धान्य, ही त्यांची व्याख्या प्रसिद्धच आहे. ज्यांनी ती चिठ्ठीवर उतरविली असेल त्या सहा लेखनिकांपैकी पाच जण स्कॉटलंडचेच होते, हे लक्षात घेतले म्हणजे माळ्यावर त्या दिवशी काय वातावरण असेल ह्याची कल्पना येते. म्हणूनच इंग्लंडात घोडे उत्तम निपजतात आणि स्कॉटलंडात माणसे, असे उत्तर एका स्कॉटिश सरदाराने दिले म्हणतात. हे लेखनिक जॉन्सन ह्यांचे नुसते नोकर नव्हते. त्यांपैकी पेटन नावाचा एक जण पुढे दारिद्र्यात वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीचा खर्च जॉन्सन ह्यांनीच केला.

कोशकार ह्या शब्दाचा अर्थ त्यांनी निरुपद्रवी हमाल असा काही तरी दिला आहे. दुसऱ्यांना टोचणारी लेखणी त्यांनी स्वतःवरही चालविली. 'ट्रॉल्मिडेम्स' ह्या विचित्र शब्दापुढे, ह्याचा अर्थ मला माहीत नाही, असे त्यांनी सरळ छापून टाकले. कुत्र्याच्या जिभेखालून काहीतरी काढून टाकण्याच्या एका रूढीसाठी इंग्रजीत एक क्रियापद आहे. ते काय काढतात हे कोणास ठाऊक नाही, आणि त्याने कुत्रा पिसाळत कसा नाही हेही कोणास ठाऊक नाही, अशी त्याची व्याख्या! 'नेटवर्क' म्हणजे जाळे. पण त्याची व्याख्या त्यांनी इतक्या जड लॅटिन शब्दांत केली आहे की जाळ्यात अडकलेला मासाही वाचकापेक्षा सुखी असेल. वाऱ्याच्या दिशेची आणि तिच्या उलट दिशेची अशा दोन खलाशी शब्दांना त्यांनी एकच अर्थ देऊन ठेवला. 'पॅस्टर्न' म्हणजे घोड्याच्या खुरावरचा भाग. जॉन्सन ह्यांनी तो घोड्याचा गुडघा ठरविला. असे का लिहिलेत, असे एका बाईंनी विचारले तेव्हा भलेभले पंडित सबबींचा पाऊस पाडतात. जॉन्सन ह्यांनी उत्तर दिले की केवळ अज्ञानामुळे. आमच्या मते त्या कोशातील हजारो व्याख्यांच्या तोडीचे हे उत्तर आहे.

हा सर्व विनोद सुखाच्या दिवसांत सुचलेला नव्हता. कोशाचे काम चालू असताना पोटासाठी जॉन्सन 'रॅम्ब्लर' नावाचे पत्र आठवड्यातून दोनदा काढीत. 1752 च्या मार्चमध्ये त्याचा शेवटचा अंक निघाला आणि त्याच सुमारास त्यांची पत्नी वारली. हा आघात त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. माळ्यावर मात्र चिठ्ठ्या तशाच पडून होत्या आणि वर्णमाला अजून संपावयाची होती. ते पुन्हा कामास लागले.

ह्याच काळात लॉर्ड चेस्टरफील्ड ह्यांचा प्रसिद्ध प्रसंग घडला. ह्या श्रीमंत व वजनदार सरदाराच्या नावे जॉन्सन ह्यांनी 1747 साली कोशाची योजना प्रसिद्ध केली होती. त्या काळी लेखकाने कोणा धनिकाचा आश्रय शोधावयाचा, हीच रीत होती. सरदारसाहेबांनी दहा पौंड दिले आणि मग सात वर्षे विचारपूस केली नाही. कोश पुरा होत आल्याची वार्ता पसरली तेव्हा 1754 च्या अखेरीस त्यांनी एका पत्रात कोशाची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. कोश आपल्याला अर्पण व्हावा, हा हेतू उघड होता. 7 फेब्रुवारी 1755 रोजी जॉन्सन ह्यांनी त्यांस एक पत्र लिहिले. आपण बाहेरच्या खोलीत ताटकळत बसलो त्याला सात वर्षे झाली. हे साहाय्य वेळेवर आले असते तर उपकार मानले असते. आता ज्यांच्यासह त्याचा आनंद भोगावा असे कोणी उरले नाही, असा त्याचा मथितार्थ होता. पत्रात एकही अपशब्द नव्हता. सरदारसाहेबांच्याही मोठेपणाची गोष्ट अशी की त्यांनी ते पत्र टेबलावर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्यांस दाखविले आणि त्याच्या भाषेची तारीफ केली. विद्वानाच्या वाट्यास येणाऱ्या दुःखांची यादी जॉन्सन ह्यांनी आपल्या एका कवितेत पूर्वी दिली होती. तीत माळ्यावरची खोली ह्या अर्थाचा शब्द होता. तो खोडून त्यांनी तेथे आश्रयदाता हा शब्द घातला. एका शब्दाच्या फेरफाराने केवढी हकिकत सांगता येते, ती पाहा!

15 एप्रिल 1755 रोजी कोश प्रसिद्ध झाला. दोन प्रचंड खंड, सुमारे 42,000 शब्द, लाखाहून अधिक अवतरणे आणि किंमत चार पौंड दहा शिलिंग. शेवटचा कागद हाती येताच वैतागलेले प्रकाशक मिलर ह्यांनी, सुटलो बुवा एकदाचे, अशा अर्थाने देवाचे आभार मानले. मिलर देवाचे आभार मानतात हे ऐकून आनंद वाटला, असा उलट निरोप जॉन्सन ह्यांनी धाडला. ज्या ऑक्सफर्डमधून पैशाअभावी पदवीवाचून परतावे लागले होते, त्याच विद्यापीठाने कोश बाहेर पडण्यापूर्वी त्यांना एम. ए. ही पदवी सन्मानपूर्वक दिली. कोशात 'लिच' ह्या जुन्या शब्दाखाली त्यांनी आपल्या लिचफील्ड गावाचा उल्लेख केला आणि त्या जन्मभूमीला लॅटिन भाषेत एक नमस्कारही छापला. शब्दकोशाच्या पानातून आपल्या गावाला नमस्कार करणारा कोशकार आम्हांस दुसरा माहीत नाही.

कीर्ती आली, पण लक्ष्मी आली नाही. दुसऱ्याच वर्षी सुमारे सहा पौंडांच्या कर्जापायी त्यांना अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसन ह्यांनी पैसे धाडून त्यांची सुटका केली. 1759 च्या जानेवारीत आई वारली. तिच्या अंत्यविधीचा व लहानसहान देण्यांचा खर्च भागावा म्हणून एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून त्यांनी 'रासेलस' ही कथा लिहिली. आपल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हीच कथा मराठीत आणावयास घेतली आणि ते काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ह्यांनी तडीस नेले. विष्णुशास्त्र्यांनी पुढे 'निबंधमाले'त जॉन्सन ह्यांच्यावर विस्तृत निबंधही लिहिला. मराठी गद्याला वळण लावणाऱ्या पुरुषास ह्या इंग्रज कोशकाराविषयी एवढी आस्था वाटावी, ही आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

1762 साली राजाने त्यांना सालीना 300 पौंडांचा तनखा दिला. पण ह्या तनख्याच्या शब्दानेच त्यांना कोंडीत पकडले! देशद्रोहाबद्दल सरकारी भाडोत्र्यास मिळणारा पैसा, असा त्याचा अर्थ त्यांनी कोशात दिला होता. घ्यावा की न घ्यावा, हे त्यांनी मित्रांस विचारले. पुढे काही करावे म्हणून नव्हे, आजवर केलेल्या कार्यासाठी हा तनखा आहे, अशी प्रधानांनी खात्री दिल्यावर त्यांनी तो स्वीकारला. विरोधकांनी टवाळी केली. जॉन्सन ह्यांनी ती सोसली, पण सोयीसाठी कोशातील व्याख्या मात्र बदलली नाही.

पुढच्याच वर्षी जेम्स बॉझवेल हा तरुण त्यांना भेटला आणि जन्मभराचा स्नेही झाला. हा स्कॉटलंडचा, हे विशेष. जॉन्सन ह्यांचे जे चरित्र त्याने पुढे लिहिले त्यामुळे ते आपल्याला जिवंत दिसतात. पुढे लिचफील्डला गेला असता तेथेही न्याहारीला ओटच्या भाकऱ्या खातात हे पाहून बॉझवेलला गुदगुल्या झाल्या. 1765 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजाने जॉन्सन ह्यांना 'डॉक्टर' ही पदवी दिली, आणि जग त्यांना त्याच नावाने ओळखू लागले.

डॉक्टरांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. अंध झालेल्या अ‍ॅना विल्यम्स बाई, गरिबांना औषध देणारे अबोल लेव्हेट आणि असेच इतर निराधार त्यांच्या आश्रयास असत. हॉज नावाच्या मांजरासाठी ते स्वतः कालवे विकत आणीत. हे हलके काम नोकराला सांगितले तर तो मांजराचा राग करील, ही त्यांना भीती! फ्रान्सिस बार्बर हा जमेकात गुलामगिरीत जन्मलेला मुलगा 1752 साली त्यांच्याकडे आला. त्याला त्यांनी शाळेत घातले आणि मृत्युपत्रात आपल्या मिळकतीचा मुख्य वारस केले. गुलामगिरीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. नवे बूट फेकणाऱ्या त्या मानी विद्यार्थ्याने श्रीमंताचा आश्रय लाथाडला, पण दुसऱ्याला आश्रय देताना हात कधी आखडला नाही.

वृद्धपणीची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तरुणपणी एकदा आजारी वडिलांनी त्यांना उटॉक्सेटरच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानावर बसावयास सांगितले होते. अभिमानामुळे त्यांनी ते नाकारले. सुमारे पन्नास वर्षांनी ते त्या बाजारात गेले आणि जेथे वडिलांचे दुकान लागे तेथे भर पावसात, बोडक्या डोक्याने, बराच वेळ उभे राहिले. लोक हसत होते. ज्या माणसाने जगाला हजारो शब्दांचे अर्थ सांगितले त्याने ह्या प्रायश्चित्तासाठी एकही शब्द वापरला नाही.

1783 च्या जून महिन्यात एका रात्री त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. शब्दांचा हा धनी शब्दावाचून अंथरुणावर पडला. बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. पद्य फारसे चांगले साधले नाही, पण ते साधले नाही हे आपल्याला कळते आहे, म्हणजे बुद्धी ठीक आहे, असे त्यांनी अनुमान काढले! काही दिवसांनी वाचा परत आली. 13 डिसेंबर 1784 रोजी लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्यांना समाधी देण्यात आली.

कोशाला हात घालताना इंग्रजी भाषा कायमची स्थिर करावी अशी जॉन्सन ह्यांची उमेद होती. काम संपले तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी मान्य केले की भाषेला बांधून ठेवणे वाऱ्याला फटके मारण्याइतकेच व्यर्थ आहे. तसेच झालेही. त्यांनी बसविलेला 'के' गेला. 'सिव्हिलिझेशन' हा शब्द कोशात घेण्याचे त्यांनी बॉझवेलच्या आग्रहानंतरही नाकारले होते. तो आज सर्वांच्या तोंडी आहे. शब्दांच्या व्युत्पत्ती हा तर त्या कोशाचा दुबळा भाग. त्यांच्याच मित्रमंडळातले सर विल्यम जोन्स पुढे कलकत्त्यास आले आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचे नाते त्यांनी 1786 साली जाहीर केले. पण ते ऐकावयास जॉन्सन उरले नव्हते. 1928 साली पुऱ्या झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशाने त्यांचा कोश मागे टाकला, तरी जुन्या कोशातील पुष्कळ व्याख्या त्यानेही ऋणनिर्देशपूर्वक उचलल्या.

आपण मराठी मंडळी येथे इंदुरास पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारी राहत आलो आहोत. शेजारचे शब्द परवानगी न विचारता आपल्या बोलण्यात येऊन बसतात, हा आपला रोजचा अनुभव आहे. त्यांना दटावून हाकलण्यापूर्वी, आणि डोळे मिटून घरात घेण्यापूर्वीही, जॉन्सन ह्यांच्याप्रमाणे त्यांची नीट चौकशी करावी : हा शब्द कोठून आला, कोणी वापरला, काय अर्थाने वापरला. उत्तर सापडले तर वहीत टिपून ठेवावे. सापडले नाही तर, मला माहीत नाही, हे तीन शब्द लिहावयास लाजू नये. ज्याने ते छापून दाखविले त्याला त्याच्या देशाने राजेलोकांच्या शेजारी जागा दिली.